हजार यार्ड आणि मधला वारा

हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. एवढ्या अंतरावर उभा असलेला माणूस पुरुष आहे की बाई, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. तिथं उभ्या केलेल्या फळ्यावरचा काळा गोल तीन-चार फूट रुंद असतो, पण इथून तो टाचणीच्या डोक्याएवढाही दिसत नाही. रायफलमधून सुटलेल्या गोळीला तिथं पोचायला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात पृथ्वी तिला दहाएक मीटर, म्हणजे तिमजली इमारतीएवढी, खाली ओढते. आणि ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा आडवा वारा असला, आपल्याकडं ज्याला कोणी वारा म्हणणारही नाही एवढा, तरी तो तिला दोन मीटरांहून जास्त बाजूला नेतो. थोडक्यात, जिथं गोळी लागायला हवी तिथं बंदूक रोखून चालत नाही.

गेल्या सप्टेंबरपर्यंत यातलं मला काही माहीत नव्हतं. मी कोल्हापूरचा. नोकरीच्या निमित्तानं काही वर्षं इंग्लंडात आहे. ऑफिसातला एक वयस्कर सहकारी तीस वर्षं नेमबाजीला जातो. त्याच्या क्लबानं बिस्ली इथं नवख्यांसाठी शनिवार-रविवारचं प्रशिक्षण ठेवलं होतं. पहिल्या दिवशी ३०० यार्ड, दुसऱ्या दिवशी थेट १०००. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सहज विचारलं, येतोस का? मी हो म्हणून टाकलं. त्याचं एक कारण सरळ होतं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा मी ऑफिसात ओरडलो होतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आता हा. कोल्हापूरचा माणूस नेमबाजीबद्दल थोडा आगाऊपणानं बोलतो, मग त्यानं आयुष्यात जत्रेतले फुगेसुद्धा फोडलेले नसोत.

दुसरं कारण असं की नाही म्हणण्याची मला फार सवय झाली होती, आणि तिचा कंटाळा आला होता.

फॉर्म आला. नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि १९६८च्या बंदूक कायद्यातल्या कलम २१ खालचं प्रतिज्ञापत्र: ठरावीक मुदतीची कैदेची शिक्षा मला झालेली नाही, शस्त्र हातात घ्यायला मला मनाई नाही. सही करायला दोन मिनिटं लागली. नाव लिहायला जास्त. माझ्या नावाचा माणूस आणि रायफल एका चौकटीत आले की बघणाऱ्याच्या डोक्यात तिसरंच चित्र तयार होतं. ते चित्र मी काढलेलं नाही, पण पंचवीस वर्षं मी त्याच्याभोवती वळसा घालून चालत आलोय. विमानतळावर, भाड्याचं घर शोधताना, बँकेत. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे नव्यानं सांगायला नको.

कोल्हापूरला थोरल्या भावाला फोनवर सांगितलं. भाई शाळेत शिक्षक आहे, गणित शिकवतो. तो आधी काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “जायचं तर जा. पण फोटो कुठं टाकू नको. स्टेटसला तर अजिबात नको.”

मी म्हटलं, “भाई, खेळ आहे तो.”

“तुला खेळ आहे. इथं तो फोटो कोण कापून कुठं चिकटवेल ते तू येऊन निस्तरणार आहेस का?”

त्याला भित्रा म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. २०२३च्या जूनमध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं, ते दिवस त्यानं तिथं काढलेत. मी ते इथं बसून बातम्यांत बघितले. शिवाय त्याच्या घरात या विषयावर आधीच एक भांडण चालू होतं. त्याची मुलगी, माझी पुतणी, नववीत आहे. शाळेच्या शिबिरात तिनं पहिल्यांदा एअर रायफल हातात धरली आणि तिथल्या सरांनी घरी निरोप पाठवला की मुलीचा हात स्थिर आहे, तिला रेंजवर पाठवा. भाईनं सरांना चहा पाजला आणि नाही सांगितलं. “मुलगी, त्यात आपली, आणि हातात बंदूक. तीन गोष्टी एकदम कशाला?” असं त्यानं मला सांगितलं होतं.

बिस्ली लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यात आहे. नावाला कॅम्प, पण बघायला जुन्या हिल स्टेशनसारखं: लाकडी बंगले, व्हरांडे, पाइनची झाडं, क्लबांच्या पाट्या. ब्रिटनची नॅशनल रायफल असोसिएशन १८५९ साली स्थापन झाली. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन चाल करून येईल अशी तेव्हा इंग्रजांना धास्ती होती, म्हणून कारकून, वकील, दुकानदार सगळ्यांनी नेम धरायला शिकावं अशी कल्पना. १८६० च्या जुलैत विम्बल्डनच्या माळावर पहिला मेळावा भरला, तेव्हा खुद्द व्हिक्टोरिया राणीनं उद्घाटनाची गोळी झाडली. झाडली म्हणजे काय, रायफल लोखंडी घोडीवर आधीच नेम धरून पक्की केलेली होती, राणीनं फक्त चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून दीड इंचाच्या आत लागली. विम्बल्डनला वस्ती वाढली तशी १८९० मध्ये हे सगळं बिस्लीला हललं.

तिथल्या भिंतीवरच्या तारखा वाचताना माझ्या डोक्यात दुसऱ्या तारखा चालू होत्या. १८५७ मध्ये आपल्याकडं एनफिल्ड रायफलच्या काडतुसाला गायीची आणि डुकराची चरबी लावलीय या बोलण्यावरून काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर दोनच वर्षांनी इथं प्रत्येक नागरिकाला बंदूक शिकवायची संस्था निघते, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात आपल्याकडं हत्यारबंदीचा कायदा येतो. एकाच राणीची प्रजा, एकाला नेमबाजीची बक्षिसं आणि दुसऱ्याला भिंतीवरची तलवार जमा करायचा हुकूम. असो. हे मी तिथं कोणाला सांगितलं नाही. लोक चांगले होते आणि चहा गरम होता.

शनिवारी सकाळी आम्ही आठ जण. शिकवणारी साठीच्या पुढची बाई, पोशाख साधा, आवाज मात्र हेडमास्तरीणबाईंचा. पहिला दीड तास एकही गोळी नाही. बंदूक हातात घ्यायची तर बोल्ट उघडा आणि नळीच्या मागच्या तोंडात रंगीत प्लास्टिकची पट्टी, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनही दिसावं. पुढं माणूस गेलेला असताना रायफलला बोटसुद्धा लावायचं नाही. ‘थांबा’ असं कोणीही ओरडू शकतो, आज पहिल्यांदा आलेलासुद्धा, आणि ते ऐकलं की सगळ्यांनी थांबायचं. कारण नंतर विचारायचं.

हे ऐकताना मला मदरशातले आमचे उस्ताद आठवले. उहुदची लढाई ते फार रंगवून सांगायचे. डोंगरावर अब्दुल्लाह इब्न जुबैर यांच्या हाताखाली पन्नास तिरंदाज, त्यांना पैगंबरांचा हुकूम: आम्ही जिंकताना दिसो की हरताना, मी बोलावल्याशिवाय जागा सोडायची नाही. शत्रू पळाला, खाली लूट दिसली, बहुतेक जण उतरले, आणि खालिद बिन वलीदची घोडेस्वारांची तुकडी मागून आली. लहानपणी मला वाटायचं ही गोष्ट लालसेची आहे. त्या पन्नास जणांचा नेम कसा होता याबद्दल उस्ताद कधी एक शब्द बोलले नाहीत, हे मला बिस्लीत लक्षात आलं. नेम चांगला असणारच, म्हणून तर तिथं बसवलं होतं. प्रश्न वेगळाच होता.

मग पोटावर पडायचं. डाव्या दंडाला चामडी पट्टा, तो रायफलला अडकवलेला, म्हणजे वजन स्नायूंनी पेलायचं नाही, हाडांनी आणि पट्ट्यानं पेलायचं. दुर्बीण नाही. डोळ्यासमोर एक बारीक भोक, नळीच्या टोकाशी एक कडी, त्या कडीत काळा गोल मधोमध आणायचा. बाईंनी एक युक्ती शिकवली ती मला फार आवडली. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. गोल कडीतून सरकलेला दिसला तर हातानं रायफल ओढून परत आणू नका. ओढून आणलेली रायफल गोळी सुटताना परत आपल्या जागी जाते. पूर्ण अंग थोडं हलवा, कंबर सरकवा, आणि पुन्हा डोळे मिटा. डोळे उघडल्यावर गोल आपोआप मधे दिसेपर्यंत हेच. मला सात-आठ वेळा लागलं.

श्वास सोडून झाला आणि पुढचा घ्यायची अजून गरज वाटत नाही, ती मधली दोन-चार सेकंद, तेवढ्यात चाप दाबायचा. दाबायचा म्हणजे वजन वाढवत न्यायचं, गोळी सुटली की आपल्यालाच थोडं आश्चर्य वाटलं पाहिजे. त्या सेकंदांत आवाज येतो फक्त आपल्या नाडीचा, आणि ती कडीत दिसतेसुद्धा, गोल प्रत्येक ठोक्याला बारीकसा उडतो.

दुपारी जोहरची वेळ झाली. बाईंना विचारलं, मागं झाडांखाली दहा मिनिटं बसलो तर चालेल का, नमाज पढायचीय. त्या म्हणाल्या, पावणेदोनला परत सुरू करू, तोवर तुमचा वेळ तुमचा. तेवढंच. कोणी वळून बघितलं की नाही मला माहीत नाही, कारण मी वळून बघितलं नाही.

बंदुकीबद्दल माझं मत या दोन दिवसांत बदललं असं समजू नका. १९९६ मध्ये डनब्लेनच्या शाळेत एका माणसानं सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली, त्यानंतरच्या वर्षी ब्रिटननं खासगी पिस्तुलं जवळजवळ पूर्ण बंद केली. ते मला योग्यच वाटतं, आणि माझ्या सहकाऱ्यालाही वाटतं, त्यात त्याचं स्वतःचं पिस्तूल गेलं तरी. अमेरिकेत बंदुकीला हक्काचा मुद्दा करून ठेवलंय, त्याची फळं तिथल्या शाळा भोगतात. इथं रायफल ठेवायची तर पोलिस घरी येऊन कपाट बघतात, ती कशासाठी हवी याचं सबळ कारण मागतात. ‘स्वसंरक्षण’ हे कारण चालत नाही. खेळ चालतो. मला हा भेद महत्त्वाचा वाटला.

संध्याकाळी मी एकटाच ब्रुकवुडला गेलो. रेंजपासून जवळच, रेल्वेच्या पलीकडे. १८५४ मध्ये लंडनच्या मयतांसाठी काढलेलं प्रचंड कब्रस्तान, त्यात मुसलमानांचा वेगळा भाग. कुराणाचं इंग्रजी भाषांतर ज्यांच्या नावानं आपल्याकडं घरोघरी असतं ते अब्दुल्लाह युसूफ अली १९५३ मध्ये इथं दफन झाले. मुंबईच्या विल्सन कॉलेजचे विद्यार्थी. दुसरे भाषांतरकार मार्माड्यूक पिकथॉलही इथंच. तेही काही वर्षं मुंबईत होते, १९२० पासून बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक. दोघं मुंबईची माणसं, आणि शेवटी दोघं सरेच्या एकाच मातीत.

पण मी गेलो होतो लष्करी भागातल्या कबरी बघायला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेले हिंदी सैनिक ब्रायटनच्या राजवाड्यात केलेल्या दवाखान्यात आणत. त्यातल्या मुसलमानांना नीट दफन करत नाहीत असा प्रचार जर्मनांनी चालवला, म्हणून इंग्रजांनी वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ हॉर्सेल कॉमनवर घुमटीचं प्रवेशद्वार असलेलं एक छोटं कब्रस्तान बांधलं. ते १९१७ मध्ये पूर्ण झालं. ती मशीद १८८९ ची, भोपाळच्या शाहजहान बेगमच्या पैशातून उभी राहिलेली. पुढं कब्रस्तानाची नासधूस व्हायला लागली, तेव्हा १९६०च्या दशकाच्या शेवटी कबरी ब्रुकवुडला हलवल्या. जुन्या जागी आता बाग आहे, सत्तावीस सैनिकांसाठी सत्तावीस बर्चची झाडं.

एका ओळीत सारखे दगड. नाव, पलटण, तारीख. मी फातिहा पढली. यांच्या हातात रायफल दिली तेव्हा यांचं नाव कोणाला खटकलं नव्हतं. उलट पंजाबात, सरहद्दीवर फिरून अशी नावं शोधून भरती केली होती. मला राग आला असं नाही. पण फॉर्मवर नाव लिहिताना थांबलेला हात आठवला, आणि ते थांबणं जरा हास्यास्पद वाटायला लागलं.

रविवारी स्टिकलडाउन रेंज. १००० यार्ड. सकाळी माझी पाळी आधी खाली खंदकात होती. तिथं मातीच्या उंच बांधामागं लोखंडी चौकटीत फळे लावलेले असतात, वर-खाली सरकणारे. गोळी डोक्यावरून जाऊन फळ्यातून पार होते आणि मागच्या वाळूच्या टेकडीत शिरते. आपण फळा खाली ओढायचा, भोकाला चिकटपट्टी लावायची, नव्या भोकात एक चकती खोवायची, गुण दाखवायची खूण बाजूला सरकवायची आणि फळा वर. पाच म्हणजे बुल, चार इनर, तीनला मॅगपाय म्हणतात.

खंदकात जे ऐकू येतं ते मी विसरणार नाही. आधी डोक्यावर कडाडून एक टाळी, फार जवळ. ती गोळी, आवाजापेक्षा वेगानं आलेली. मग शांतता. एक सेकंद, सव्वा सेकंद. मग लांबून दबका धप् असा आवाज. ती बंदूक. म्हणजे गोळी येऊन गेल्यावर बंदुकीचा आवाज येतो. फ्रान्सच्या खंदकात बसलेल्या त्या लोकांनी हा क्रम किती वेळा ऐकला असेल. टाळी ऐकू आली म्हणजे आपण वाचलो, एवढाच त्याचा अर्थ.

दुपारी वर आलो. एक जण झाडतो, दुसरा शेजारी वहीत लिहितो आणि वारा वाचतो. वारा वाचणं हेच इथलं खरं शिक्षण. रेंजभर लांब निमुळते झेंडे, पण ते एका दिशेला कधीच नसतात. आपल्याजवळचा झेंडा पडलेला, मधला तट्ट ताणलेला, फळ्याजवळचा उलट. दुर्बिणीतून बघितलं की जमिनीवरची तापलेली हवा पाण्यासारखी वाहताना दिसते, तिच्या वाहण्यावरून दिशा कळते. मग नेमाच्या भोकाचं बटण फिरवायचं, एक टिक म्हणजे पाव मिनिट, हजार यार्डांवर साधारण साडेसहा सेंटिमीटर. माझ्या वाऱ्याचं वाचन माझा सहकारी करत होता. “सहा मिनिट डावीकडं. थांब. थांब. आता.” एका गोळीला पंचेचाळीस सेकंदं असतात. त्यातली चाळीस आम्ही वाट बघण्यात घालवत होतो.

पहिली गोळी फळ्याच्या उजव्या कडेला, दोन. दुसरी तीन. मग चार, चार, आणि मग पाच. फळा वर आला तेव्हा दुर्बिणीत चकती काळ्याच्या मधोमध बघून मी काहीतरी मराठीत बोललो. सहकाऱ्यानं विचारलं, काय म्हणालास? मी म्हटलं, कोल्हापुरी आहे, भाषांतर होत नाही. दहा गोळ्यांत दोन पाच मिळाले. राजाच्या बक्षिसाची अंतिम फेरी याच रेंजवर ९०० आणि १००० यार्डांवर होते आणि तिथले लोक जवळजवळ सगळ्याच गोळ्या पाचात घालतात, तेव्हा माझ्या आकड्यांत फुशारण्यासारखं काही नाही.

सहकाऱ्यानं माझा एक फोटो काढला. पोटावर पडलेला, पट्टा दंडाला, गाल दस्त्याला लागलेला. तो मला पाठवला. मी तो कुठं टाकला नाही, भाईला शब्द दिला होता. भाईला मात्र पाठवला.

रात्री फोन त्यानंच केला, पण बोलली पुतणी. तिला वाऱ्याबद्दल सगळं हवं होतं. काका, वारा दिसतो का? दहा मीटरवर वारा असतो का? मी सांगितलं, दहा मीटरची रेंज बंद असते, तिथं वारा नाही, तिथं फक्त तू. डोळे मिटायची युक्ती सांगितली. ती तिथंच घरात आडवी होऊन छत्री धरून करून बघायला लागली, ते मला तिच्या आईच्या ओरडण्यावरून कळलं. मग मेराज अहमद खानबद्दल सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाचे, रिओ आणि टोकियो दोन ऑलिम्पिक खेळलेले, २०२२च्या विश्वचषक स्पर्धेत स्कीटमध्ये भारताला पहिलं सुवर्ण मिळवून देणारे. हे मी तिला सांगत होतो, पण फोन स्पीकरवर होता हे मला माहीत होतं.

भाई नंतर फोनवर आला. म्हणाला, “त्या खंदकातल्या आवाजाचं काय म्हणालास? आधी गोळी, मग आवाज?” त्याला गणित हवं होतं. मी वेग सांगितला, अंतर सांगितलं, त्यानं वहीवर मांडून सव्वा सेकंद काढून दाखवला आणि जरा खूश झाला. मग म्हणाला, “एक महिना जाऊन बघू दे तिला. पण एक अट. फोटो कोणी काढायचा नाही.”

मी बरं म्हटलं. पोरीचा हात सर म्हणतात तेवढा स्थिर असला तर ती अट किती दिवस टिकेल, हे दोघांनाही कळत होतं. त्यावर तो काही बोलला नाही, मीही नाही. फॉर्मवर पालकाची सही लागते, ती अजून व्हायचीय.